सुदाह गाहारू, चंदाना पुला : पंतुन, पांटूम आणि हरवलेली सावली

सागरगोटी (धागाकर्ती)

गेल्या महिन्यात एका ऑनलाइन कविता-कार्यशाळेत बसले होते. शिकवणाऱ्या बाईंनी पडद्यावर लिहिलं : 'पांटूम. मलाय काव्यप्रकार. ओळी पुन्हा पुन्हा येतात.' मी हात वर केला. म्हटलं, अकरा वर्षं क्वालालंपूरला राहते, उठता-बसता पंतुन (पांटूमचं मूळ मलाय रूप) ऐकते, आणि त्यांत ओळ पुन्हा आलेली क्वचितच ऐकली आहे. बाई गोड हसल्या आणि पुढच्या पानावर गेल्या. ते पोटात राहिलं, म्हणून हा धागा.

माझी पंतुनशी पहिली गाठ पडली ती फजितीतून. इथे येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. दुसऱ्या दिवशी सुट्टी असल्याचं कॅलेंडरात लाल अक्षरांत दिसत असूनही मी शेजारच्या टेबलावरच्या काकना विचारलं, "उद्या सुट्टी ना?" (इथे 'काक' म्हणजे थोरली बहीण, ताई. पहिले काही दिवस बायकांना काका म्हणताना मला फार हसू यायचं.) काकनी मान वर न करता उत्तर दिलं, "सुदाह गाहारू, चंदाना पुला."

बाजारापुरती मलाय मला येत होती. गाहारू म्हणजे आपला अगरू, चंदाना म्हणजे चंदन. 'अगरू झाला, आता वर चंदनही.' मला वाटलं, माझं अत्तर जरा जास्त झालंय असं सुचवतायत. पुढचा आठवडाभर मी काही न लावता ऑफिसला गेले.

नंतर कळलं की ही अर्धीच ओळ होती. उरलेली अर्धी कुणी बोलत नाही, ऐकणाऱ्याने ती मनात म्हणायची असते : "सुदाह ताहू, बर्तान्या पुला." ठाऊक आहे, आणि वर विचारतेयही! अगरू-चंदनाचा माझ्याशी काडीचा संबंध नव्हता. ते आले होते फक्त 'ताहू'ला जागा करून द्यायला.

हा झाला दोन ओळींचा छोटा प्रकार, त्याला कार्मिना म्हणतात. खरा पंतुन चार ओळींचा. एका ओळीत साधारण चार शब्द, आठ ते बारा अक्षरं, यमक एकाआड एक. इथल्या लहान मुलांनाही पाठ असलेला एक देते :

पिसांग अमास दिबावा बलायार,
मासाक सबिजी दि आतास पती;
हुतांग अमास बोलेह दिबायार,
हुतांग बुदी दिबावा माती.

सोनकेळी घेऊन निघालो दर्यावर, पेटीवर ठेवलेलं एक पिकलं. सोन्याचं देणं फेडता येतं, उपकाराचं देणं मरेपर्यंत सोबत नेलं जातं. 'बुदी' म्हणजे आपली बुद्धी, पण इथे तिचा अर्थ चांगुलपणा, माणुसकी असा झालाय. 'माती' म्हणजे मरण. त्याचा आपल्या मातीशी भाषेच्या नात्याने काही संबंध नाही, पण मला दर वेळी तीच आठवते.

पहिल्या दोन ओळींना इथे 'पंबायांग' म्हणतात. बायांग म्हणजे सावली. पुढच्या दोन म्हणजे 'माक्सुद', मतलब. आधी सावली पडते, मग माणूस येतो. आणि पुनरावृत्ती? कुठेही नाही.

तर प्रश्न असा : हा चार ओळींचा जीव युरोपात जाऊन 'ओळी पुन्हा पुन्हा येतात' असा कसा झाला? माहीतगारांनी लिहावं.

---

मेथीची_जुडी

धागा आवडला. पण ताई, हे तर आपल्या घरचंच आहे की. 'भाजीत भाजी मेथीची, अमुक माझ्या प्रीतीची.' मेथीचा प्रीतीशी काय संबंध? यमकापुरता! माझ्या लग्नात नवऱ्याने हाच घेतला होता. तेव्हापासून मला चिडवतात, ते नाव मी इथे सदस्यनाम म्हणून लावलंय.

---

खडूस_वैयाकरणी

मेथीताई, साम्य आहे, पण घाई नको. उखाण्यात नाव घेणं हे काम आहे. काम झालं की उखाणा संपला, त्याला कुणी उखाण्याने उत्तर देत नाही. धागाकर्तीने दिलेल्या उदाहरणात मात्र संवाद दिसतो. शिवाय पंतुनमधली यमकं नीट पाहा. बलायार–दिबायार, पती–माती. नुसता शेवट जुळत नाही, आधीचे आवाजही एकमेकांना धरून चाललेत. 'पिसांग अमास' आणि 'हुतांग अमास'. म्हणजे पहिल्या दोन ओळी ऐकतानाच कानाला पुढचं अर्धं कळलेलं असतं. अगरूवरून सुट्टीचा टोमणा कळतो तो त्यामुळेच.

---

तीनचाकी_बजाज

जकार्तात सात वर्षं काढली, म्हणून दोन पैसे. इंडोनेशियात पंबायांग म्हणत नाहीत, 'साम्पिरान' म्हणतात, आणि मतलबाला 'इसी', म्हणजे आतला माल. साम्पिरानचं मूळ टांगण्याच्या, अडकवण्याच्या क्रियेत आहे. थोडक्यात, पहिल्या दोन ओळी ही खुंटी. मलेशियाला सावली दिसली, इंडोनेशियाला खुंटी. मला खुंटी जास्त पटते.

मेथीताईंच्या लग्नावरून आठवलं. जकार्ताच्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे बतावींच्या लग्नात 'पालांग पिंतू' असतं. शब्दशः दाराचा अडसर. वरात मुलीच्या दाराशी येते आणि मुलीकडची माणसं आडवी उभी राहतात. मग दोन्हीकडचे पट्टीचे बोलणारे पंतुनने एकमेकांची उतरवतात, त्यानंतर सिलात या तिथल्या युद्धकलेची लुटुपुटूची मारामारी, मगच आत. मी पाहिलेल्या लग्नात नवऱ्याकडचा माणूस ओळ टाकायचा आणि प्रत्येक ओळीनंतर सगळा मांडव एका आवाजात ओरडायचा : "चाकप!" म्हणजे झकास. पहिल्या ओळीला चाकप, दुसरीला चाकप. तिसरीला लोक जरा थांबतात, कारण आता हा कुठे नेतोय ते बघायचं असतं. चौथीला मात्र नुसता हशा. आपल्याकडे शाहिराला 'जी जी रं जी' मिळतं तसं.

तिथे सगळ्यांना पाठ असलेला एक :

दारी माना दातांगन्या लिंताह?
दारी सावाह तुरुन क काली.
दारी माना दातांगन्या चिंता?
दारी माता तुरुन क हाती.

जळू कुठून येते? भातखाचरातून ओढ्यात उतरते. प्रेम कुठून येतं? डोळ्यांतून काळजात उतरतं. नीट बघा, 'चिंता' म्हणजे तिथे प्रेम! शब्द आपल्याकडचाच, संस्कृतातून गेलेला. लग्न झालेल्यांना अर्थातला हा बदल समजावून सांगायची गरज नाही.

---

मेथीची_जुडी

प्रेमाला जळू!! आणि मी मेथीवर लाजत होते.

---

सागरगोटी (धागाकर्ती)

@तीनचाकी_बजाज, जळवेवरूनच तुमची खुंटी मला पटत नाही. खुंटी असती तर तिथे कुठलाही प्राणी चालला असता. पण जळू आधी कळत नाही, पायाला लागते, मग सुटत नाही. खाचरातून ओढ्यात, डोळ्यांतून काळजात, दोन्हीकडे खाली उतरणंच आहे. ही सावली आहे, खुंटी नव्हे.

---

खडूस_वैयाकरणी

हा वाद तुमच्या दोघांच्या जन्माआधीचा आहे. डच अभ्यासकांनी यावर बराच कागद खर्च केला. पाइनापेल नावाचे प्राध्यापक म्हणत की पहिल्या दोन ओळींत पुढच्या अर्थाचं बीज असतंच. फान ओफाउसेन यांनी १९०४ साली उलट बाजू मांडली. संबंध शोधणं व्यर्थ, आवाज जुळला की झालं. मग १९३३ मध्ये हुसेन जायादिनिंग्रात या इंडोनेशियन विद्वानाने आख्खं व्याख्यान पंतुनच्या जादुई पार्श्वभूमीवर दिलं. त्यांचा मुद्दा असा की सारखा आवाज म्हणजे सारखी वस्तू, ही मंत्रामागची जुनी समजूतच पंतुनच्या मुळाशी आहे.

पण माझ्या लक्षात राहिलंय ते ओफाउसेन यांनीच नोंदवलेलं एक प्रकरण. सुमात्रातल्या मांदाइलिंग बाताक लोकांत तरुण मुलं-मुली एकमेकांना पानं पाठवत. चिठ्ठी नव्हे, झाडाची पानं. 'सितारक' नावाचं पान आलं की 'मार्सारक' वाचायचं, म्हणजे ताटातूट. 'पोदोम-पोदोम'चं पान म्हणजे 'मोदोम', झोप. अशी चार-पाच पानं जुडी बांधून पाठवली की मजकूर तयार : आपली ताटातूट झाल्यापासून झोप नाही, वगैरे. कागद नाही, शाई नाही, घरच्यांच्या हाती लागलं तर नुसता पाला. ओफाउसेन यांना पंतुनचा उगम यातच दिसला.

---

मेथीची_जुडी

'जुडी बांधून' वाचून मी खुर्चीतून पडले.

---

अर्धामुर्धा_फ्रेंच

मूळ प्रश्नाकडे वळू या. फ्रेंच शिकवतो, त्यामुळे हा भाग माझा.

विल्यम मार्सडेन हा इंग्रज विशीच्या आतच कंपनीच्या नोकरीत सुमात्रातल्या बंकुलूला गेला. पुढे १८१२ मध्ये त्याने मलाय भाषेचा शब्दकोश आणि व्याकरण छापलं. व्याकरणात नमुन्यादाखल काही पंतुन दिले. त्यांत एक साधा पंतुन नव्हता. तो होता 'पंतुन बर्काइत', म्हणजे साखळीने जोडलेला. धागाकर्तीने क्वचित ऐकला असेल तो हाच. त्याची सुरुवात मराठीत सांगतो :

फुलपाखरं आडवी उडत जातात,
उडतात समुद्रावर, खडकाच्या टोकाशी;
मनात माझ्या घालमेल,
तेव्हापासून आत्तापर्यंत.

उडतात समुद्रावर, खडकाच्या टोकाशी;
गिधाड उडतं बांदानच्या दिशेने;
तेव्हापासून आत्तापर्यंत
कितीतरी तरुण पाहिले मी.

पुढच्या कडव्यांत गिधाडाचं पीस पातानीत पडतं आणि बाई म्हणते, माझ्या ह्या तरुणासारखा एकही नाही. आधीच्या कडव्याची दुसरी आणि चौथी ओळ पुढच्याची पहिली आणि तिसरी होते. गाताना सोयीचं, कारण दुसऱ्याने टाकलेली ओळ उचलून पुढे जायचं.

हे एर्नेस्त फुइने या पौर्वात्य भाषांच्या हौशी अभ्यासकाने फ्रेंच गद्यात आणलं, आणि ते त्याच्या मित्राला मिळालं. मित्र म्हणजे व्हिक्टर ह्यूगो. १८२९ साली 'लेझ ओरियांताल' हा त्याचा संग्रह आला, त्याच्या टिपांमध्ये हा तुकडा आहे. टिपांमध्ये! कवितेतही नाही. आणि तिथे 'पंतुन'चा 'पांटूम' छापला गेला. शेवटच्या 'न'चा 'म' झाला तो आजतागायत सुधारलेला नाही.

म्हणजे पॅरिसने पाहिला तो एकच नमुना, तोही साखळीचा, तोही गद्यात. गावात पहिला पाहुणा लंगडत आला आणि गावाने ठरवलं की त्या देशात सगळे लंगडतात.

एक अपवाद. ह्यूगोच्याही आधी, १८२२ मध्ये, आडेलबेर्ट फॉन शामिसो या जर्मन कवीने मलाय लोकगीतांवर लेख लिहून त्या धाटणीच्या कविता केल्या होत्या. जन्माने फ्रेंच, पेशाने वनस्पतिशास्त्रज्ञ, रशियन जहाजावरून जगाची प्रदक्षिणा करून आलेला माणूस. पण फॅशन झाली ती पॅरिसमध्ये.

---

सागरगोटी (धागाकर्ती)

लंगड्या पाहुण्याची उपमा चोरून ठेवते आहे.

म्हणजे माझी तक्रार पुनरावृत्तीबद्दल नव्हतीच म्हणायची. पुनरावृत्ती इथलीच आहे, फक्त कोपऱ्यातली. तक्रार ही की सावली मागे राहिली आणि नुसती साखळी परदेशी गेली.

---

अर्धामुर्धा_फ्रेंच

इथे थोडं थांबा. सावलीही गेली होती. तेओदोर द बांव्हिल या फ्रेंच कवीने १८७२ च्या आपल्या छंदशास्त्राच्या पुस्तकात पांटूमचा नियम सांगितला तो असा : कवितेत दोन वेगवेगळे अर्थ शेवटपर्यंत समांतर चालले पाहिजेत, एक प्रत्येक कडव्याच्या पहिल्या दोन ओळींत, दुसरा उरलेल्या दोन ओळींत. आणि कवितेची पहिली ओळ अगदी शेवटी परत यावी. ही शेवटची अट फ्रेंचांची भर, पण समांतर अर्थाची अट म्हणजे तुमचं पंबायांगच की.

गडबड दुसऱ्या एका कवीने केली. १८५७ मध्ये बोदलेरची 'आर्मोनी द्यु स्वार', म्हणजे संध्याकाळची सुरावट, आली. सोळा ओळी, सगळ्या मिळून दोनच यमकं, तीही एकाआड एक नव्हेत. दोन समांतर अर्थ नाहीत, पहिली ओळ शेवटी येत नाही. नियमाने पाहिलं तर नापास. पण कविता इतकी घुमते की पुढच्या शंभर वर्षांत पांटूम म्हटलं की लोकांना तीच ऐकू आली. फुलं धूपदाणीसारखी दरवळतायत, व्हायोलिन थरथरतंय, सगळं गोल गोल फिरतंय. बांव्हिलचा नियम बिचारा पुस्तकात राहिला.

इंग्रजीत गेला तो हा घुमणारा पांटूम. अमेरिकेत जॉन ॲशबेरीने १९५६ च्या संग्रहात लिहिला. डोनाल्ड जस्टिसने महामंदीतल्या घरांवर लिहिला तो माझ्या मते इंग्रजीतला सर्वांत चांगला, कारण गरिबीत दिवस खरोखरच पुन्हा पुन्हा तेच असतात.

---

तबलजी_नव्हे

मी साहित्यातला नाही, पाश्चात्त्य संगीत ऐकतो. राव्हेल या फ्रेंच संगीतकाराच्या पियानो त्रयीतल्या (पियानो आणि दोन तंतुवाद्यं) दुसऱ्या भागाच्या डोक्यावर 'पांटूम' असं लिहिलेलं आहे. १९१४ साल, महायुद्ध सुरू झालेलं, भरती व्हायच्या आधी घाईघाईने पूर्ण केलेली रचना. बरीच वर्षं लोक म्हणत, मलाय नाव चमत्कृतीसाठी ठेवलं असेल. पण ब्रायन न्यूबोल्ड या अभ्यासकाने दाखवून दिलं की राव्हेलने नियम खरोखर पाळलाय. एक टोचरी, तुटक धून आहे आणि एक वाहती. आलटून पालटून येतात, प्रत्येक जण आपली गोष्ट पुढे नेतो, दुसऱ्याच्या गोष्टीत लक्ष घालत नाही. मधल्या भागात तर पियानो वेगळ्या लयीत संथ चालतो आणि तंतुवाद्यं आपल्या जुन्याच तालात उड्या मारत राहतात.

आजच तुमचा धागा वाचून पुन्हा ऐकलं. दोन अर्थ समांतर. कवींनी जे सोडलं ते वाजवणाऱ्याने सांभाळलं.

---

सागरगोटी (धागाकर्ती)

@अर्धामुर्धा_फ्रेंच, @तबलजी_नव्हे, माझं म्हणणं मागे घेते. मी अकरा वर्षं फ्रेंचांना उगाच शिव्या घातल्या.

तरी एक गोष्ट राहतेच. पॅरिसचा पांटूम एकट्याने कागदावर लिहायचा. इथला पंतुन दुसऱ्याशिवाय होत नाही. मलाक्का या इथल्या जुन्या बंदरात एका संध्याकाळी 'दोंदांग सायांग' ऐकलं, त्यावरून सांगते. व्हायोलिन, रबाना नावाचा डफासारखा ढोल, एक घंटा. गाणारे दोघं, समोरासमोर. बाई पहिली सावली टाकतात, संथ, ओढत. व्हायोलिन मध्ये शिरून वेळ काढतं. तो वेळ समोरच्या आजोबांसाठी असतो. त्यांचे ओठ हलत होते, बोटं मांडीवर अक्षरं मोजत होती. बाईंनी मतलब गायला आणि आजोबांनी त्याच विषयाला धरून, पण उलट बाजूने, आपली सावली टाकली. ऐकणारे पुढे झुकले. एकदा आजोबांना यमक सापडलं नाही, व्हायोलिनवाल्याने आणखी एक फेरा वाजवला, कुणी हसलं नाही. वाजवणाऱ्याची ही माणुसकी, ही बुदी.

दोंदांग सायांग तिथे चार समाज गातात, आणि २०१८ मध्ये युनेस्कोच्या यादीत ते गेलं ते याच नोंदीसकट. मलाय. बाबा-न्योन्या, म्हणजे तिथे मुरलेले चिनी. पोर्तुगीज वंशाचे क्रिस्तांग. आणि चित्ती, ज्यांच्याबद्दल आपल्याकडे कुणी बोलत नाही. सुलतानांच्या काळापासून तिथे राहिलेले तमिळ व्यापाऱ्यांचे वंशज. देवळात विनायक, घरात शिवपूजा, अंगात मलाय पोशाख, तोंडात मलाय बोली. पंतुन हा त्यांनाही आईकडून मिळालेला.

---

कुंडलिकाकाठ

क्रिस्तांग शब्द वाचून राहवलं नाही. मी रेवदंड्याचा. आमच्या समोर खाडीपलीकडे कोर्लई आहे. किल्ल्याच्या पायथ्याचं गाव. १७४० मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांना तिथून घालवलं, पण पायथ्याच्या ख्रिस्ती घरांतून त्यांची भाषा गेली नाही. मराठीच्या पाण्यात भिजलेली पोर्तुगीज, तिला ते 'नॉ लिंग' म्हणतात. आपली भाषा. लहानपणी बाजारात मासळीवाल्या आजी आपापसांत बोलायच्या ते आम्हाला एक अक्षर कळायचं नाही आणि भाव मराठीत सांगायच्या.

मलाक्कातली क्रिस्तांग ही त्या भाषेची लांबची बहीण. के. डेव्हिड जॅक्सन या अमेरिकन अभ्यासकाने भारत आणि श्रीलंकेच्या किनाऱ्यावरची अशी गाणी गोळा करून १९९० मध्ये त्यावर पुस्तक केलं. त्याने दाखवलेली गंमत अशी की 'जिंकली नोना' नावाच्या एका मुलीची गाणी मलाक्कात आहेत आणि तिचीच भावंडं श्रीलंकेतल्या बर्गर, म्हणजे युरोपी वंशाच्या मिश्र समाजातल्या, लोकांत 'सिंगेल नोना' म्हणून सापडतात. एकाच मुलीची छेड काढत खलाशी बंदरं बदलत गेले.

मलाक्कातल्या क्रिस्तांगांकडे सवाल-जवाबाच्या गाण्याला 'माता कांतिगा' म्हणतात. गाणं मारणं! पोर्तुगालातही चार ओळींच्या उत्स्फूर्त गाण्यांची जुगलबंदी आहे. तिथून निघालेली चौओळ आणि मलाय चौओळ मलाक्कात एकाच ओट्यावर बसल्या, मग कुणाचं काय ते वेगळं काढणं अवघड.

---

तीनचाकी_बजाज

श्रीलंका आलीच आहे तर, डचांनी जावा आणि आसपासच्या बेटांवरून सैनिक नि हद्दपार केलेले सरदार सिलोनला नेले, त्यांचे वंशज म्हणजे श्रीलंकन मलाय. त्यांच्याकडे पंतुनला 'पंतोंग' म्हणतात. हस्तलिखित वह्या जपल्यात लोकांनी.

आणि एक मसालेदार गोष्ट. २००७ मध्ये मलेशियाने पर्यटनाच्या जाहिरातीत 'रासा सायांग' हे गाणं वापरलं. त्याची कडवी पंतुनचीच असतात. इंडोनेशियात आगडोंब. आमचं मालुकू बेटांचं गाणं चोरलं! मी तेव्हा जकार्तात होतो, टॅक्सीवाल्याने मला त्यावर अर्धा तास ऐकवलं. आणि मग २०२० च्या डिसेंबरमध्ये पंतुन युनेस्कोच्या यादीत आला तो कुणाच्या नावावर? दोघांच्या! इंडोनेशिया आणि मलेशियाने मिळून अर्ज केला होता. टॅक्सीवाल्याला फोन करावासा वाटला.

---

खडूस_वैयाकरणी

बाहेरून आलेल्या रूपाचं काय होतं याचा आपल्याला अनुभव आहेच. सॉनेटचं सुनीत झालं, गझल माधव ज्यूलियनांपासून मराठीत आहे आणि सुरेश भटांनी तिचे नियम लावून धरले म्हणून टिकली. पंतुनला मराठीत कुणी भट मिळाला नाही. करून बघायला काय हरकत आहे? अटी : चार ओळी, आठ ते बारा अक्षरं, एकाआड एक यमक, आणि सावली पडलीच पाहिजे. नुसतं यमक आणणाऱ्याला मेथीची जुडी भेट.

---

मेथीची_जुडी

आव्हान स्वीकारलं :

शेवग्याच्या शेंगा लोंबती दारी,
दोरीवर ही भिजली चादर;
जालावर आम्ही पंडित भारी,
घरी कुणाला नाही आदर.

---

खडूस_वैयाकरणी

अक्षरं बरोबर. रोख समजला. पण शेवग्याची सावली कुठाय?

---

मेथीची_जुडी

लोंबणाऱ्या शेंगा आणि भिजलेली चादर म्हणजे घरातला पंडित! सगळं फोड करून सांगायचं का आता? सुदाह गाहारू!

---

तीनचाकी_बजाज

चाकप!!

---

कुंडलिकाकाठ

खाडीवर सुचला. बघा जमतोय का.

ओहोटीला होडी रेतीत रुते,
खेकड्यांची पोरं खेळती वरी;
सांगायचं ते ओठांत गुंते,
डोळे सांगून टाकती तरी.

---

सागरगोटी (धागाकर्ती)

दादा, हा अस्सल आहे. रुतलेली होडी आणि गुंतलेला शब्द, आणि वर बिनधास्त खेळणारी खेकड्याची पोरं म्हणजे डोळे. इथल्या काकना मी मोडक्या मलायमध्ये अर्थ सांगितला तर त्या म्हणाल्या, हा कोळ्याने लिहिलाय ना?

मला साखळी जोडू द्या. तुमची दुसरी आणि चौथी ओळ उचलते :

खेकड्यांची पोरं खेळती वरी,
भरती येता बिळात दडती;
डोळे सांगून टाकती तरी,
वाचणारेच कमी पडती.

---

खडूस_वैयाकरणी

'येता', 'दडती', 'पडती' ही जुनी कवितेतली रूपं आणि कुंडलिकाकाठांचं 'पोरं' हे बोलीतलं. एका कडव्यात दोन वेष. पण खेकड्यांनी माझं तोंड बंद केलंय. दोघांनाही जुडी माफ.

---

अर्धामुर्धा_फ्रेंच

एक आगाऊ प्रश्न. बांव्हिलच्या नियमाने शेवटी पहिली ओळ परत यायला हवी. होडी परत आणणार का?

---

कुंडलिकाकाठ

भरती आली की होडी आपोआप सुटते. परत आणायची कशाला?

---

सागरगोटी (धागाकर्ती)

उद्यापासून आठवडाभर प्रवासात आहे, तेव्हा उत्तरं उशिरा देईन. जाता जाता एक, इथल्या शाळकरी मुली पत्राच्या शेवटी लिहायच्या तो. आता मोबाइलवरून पाठवतात :

पचाह काचा, पचाह गलास;
लपास बाचा, हाराप बालास.

काच फुटली, पेला फुटला. वाचून झालं की उत्तर पाठव. 'काचा' आपलीच काच, 'बाचा' आपल्याच वाचेतून आलेला. गलास कुठून आला ते सांगायला नको. सावली पडली का, ते वैयाकरणींनी ठरवावं. बाकीच्यांनी, हाराप बालास.